हजेरी लागली, पुढे काय?

दक्षिण कोलकात्याच्या खासदार माला रॉय लोकसभेत किती दिवस हजर होत्या, त्यांनी काय विचारलं, कशावर बोलल्या, हे तिथल्या मतदाराला घरबसल्या पाहता येतं. प्रश्न, उत्तरं, भाषणं सगळं संसदेच्या संकेतस्थळावर असतं. त्यातूनच पीआरएस ही २००५ पासून काम करणारी दिल्लीतली संस्था एकेका खासदाराचं प्रगतिपुस्तक तयार करते.

मात्र ते वाचायचं कसं, हे कळायला हवं. ममता बॅनर्जी २००९ ते २०११ या काळात याच मतदारसंघाच्या खासदार आणि रेल्वेमंत्री होत्या. मंत्री हजेरी लावत नाहीत, प्रश्नही विचारत नाहीत. उत्तरं द्यायचं काम त्यांचं. म्हणून मंत्र्यांचे रकाने रिकामे दिसतात. इतरांची हजेरी दैनिक भत्त्यासाठी लागते, पण हजेरी लावून माणूस सभागृहात किती वेळ बसला, ते तिच्यावरून समजत नाही. माला रॉय कोलकाता महानगरपालिकेच्या अध्यक्षही आहेत; ते काम या तक्त्यात येणारच नाही.

प्रश्नांच्या संख्येचंही तसंच. दिवसाला तोंडी उत्तराचे २० आणि लेखी उत्तराचे २३० प्रश्न लागतात, आणि कुणाचे लागणार ते सोडतीवर ठरतं. शिवाय २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्याबद्दल अकरा खासदारांना संसदेतून काढलं गेलं. तेव्हा आकडा सोडून प्रश्न वाचावा. मेट्रोबद्दल विचारलं असेल, तर मंत्र्याने तारीख दिली की नुसतं ‘काम प्रगतिपथावर’ म्हटलं, तेही पाहावं.

खरी अडचण मतदानाची. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. कोण ‘हो’ म्हणालं, त्याची नोंद उरत नाही. घटनादुरुस्तीला मात्र मतं मोजावीच लागतात. महिला आरक्षणाचं विधेयक २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं, ते असं. त्यातही १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. मग नोंद झालेलं मत खासदाराचं म्हणायचं की पक्षाचं?

आयर्लंडमध्ये मतांच्या नोंदीचं चित्र निराळं आहे. मालवण तालुक्यातल्या वराडचे अशोक वराडकर यांचे चिरंजीव लिओ २००७ ते २०२४ तिथल्या संसदेत होते, दोनदा पंतप्रधानही झाले. तिथे मत विभागणी झाली की सदस्य बाकावरचं बटण दाबतात आणि नावानिशी नोंद होते. ‘किल्डेअर स्ट्रीट’ या स्वयंसेवकांच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाखाली त्याची भाषणं आणि लेखी उत्तरं मिळतात.

तरीही ऑक्टोबर २०१९ मध्ये, लिओ पंतप्रधान असताना, विरोधी बाकांवरच्या टिमी डूली यांच्या नावावर सहा मतं पडली, आणि ते तेव्हा सभागृहातच नव्हते! बटण दुसरे सदस्य नाएल कॉलिन्स यांनी दाबलं होतं. कागदावर सगळं बिनचूक होतं. बिंग फुटलं ते सभागृहाच्या चित्रीकरणामुळे.