खोली गार की माणूस गार?

समजा, उन्हाळ्याच्या दुपारी शाळेच्या तळमजल्यावरील आणि सर्वांत वरच्या मजल्यावरील वर्गांत हवेचे तापमान सारखेच, ३२ अंश सेल्सिअस आहे. तरीही वरच्या वर्गातील मुले अधिक कासावीस होतात. असे का?

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १०० वॅट या दराने उष्णता निर्माण होत असते. ती सतत बाहेर पडली, तरच शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास टिकते. बाहेर पडण्याचे मुख्य मार्ग तीन : हवेचे अभिसरण, भिंती व छताकडे होणारे प्रारण आणि घामाचे बाष्पीभवन. त्वचेचे तापमान साधारण ३३-३४ अंश असते. उन्हाने तापलेला स्लॅब याहून गरम झाला, की प्रारणाची दिशाच उलटते. आपण छताला उष्णता देण्याऐवजी छतच आपल्याला देऊ लागते. हवेच्या तापमानाचा आकडा मात्र याबद्दल काही सांगत नाही.

आता घामाचा हिशेब करू. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २४०० जूल उष्णता शोषली जाते. म्हणजे शरीराची सगळी १०० वॅट उष्णता एकट्या घामाने काढायची, तर तासाला १५० ग्रॅम घाम वाळला पाहिजे. पंखा नेमके हेच काम सोपे करतो. त्वचेलगतचा दमट हवेचा थर तो हटवतो. खोली मात्र तो गार करत नाही. उलट त्याचे ६०-७० वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहतात. म्हणूनच रिकाम्या वर्गात फिरणारा पंखा ही निव्वळ उधळपट्टी होय.

वातानुकूलन यंत्राचा मार्ग वेगळा. दीड टनी यंत्र खोलीतून सुमारे ५ किलोवॅट उष्णता उपसते आणि त्यासाठी पूर्ण भारावर साधारण दीड किलोवॅट वीज घेते. म्हणजे वीसेक पंख्यांची वीज झाली! शिवाय ही दोन्ही मिळून साडेसहा किलोवॅट उष्णता बाहेर, शेजाऱ्याच्या खिडकीपाशी किंवा रस्त्यावर टाकली जाते.

मग किती गारवा पुरेसा? डेन्मार्कचे फँगर यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेले सुखद तापमानाचे गणित मुख्यतः प्रयोगशाळेतील खोल्यांत बसवलेल्या माणसांवरून मांडलेले होते. पुढे दिसून आले, की खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतींत माणसे ऋतूशी जुळवून घेतात. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने भारतातील पाच शहरांच्या कार्यालयांत पाहणी झाली. तिच्यातून नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतींसाठी एक सूत्र मिळाले : बाहेरच्या गेल्या ३० दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणा आणि १२.८३ मिळवा. सरासरी ३० अंश असेल, तर उत्तर येते सुमारे २९. म्हणजे २० अंशांचा हट्ट अनाठायी आहे. जानेवारी २०२० पासून भारतात तारांकित घरगुती यंत्रे सुरू होताना २४ अंशांवरच असावीत, असा नियम झाला. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या अंदाजानुसार प्रत्येक अंश वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते.

तेव्हा क्रम असा असावा : आधी ऊन अडवा, मग वारा खेळवा आणि तरीही भागले नाही तरच यंत्राकडे वळा. गच्चीला पांढरा चुना, खिडक्यांवर छज्जे, पश्चिमेला झाड, समोरासमोर खिडक्या हे जुनेच उपाय आहेत. विदर्भातील कोरड्या हवेत वाळ्याचा ताट्या किंवा कूलर उत्तम चालतो. कोकणातील दमट हवेत मात्र बाष्पीभवनच मंदावते, म्हणून तेथे वाऱ्यावरच भिस्त ठेवावी लागते.

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. पुठ्ठ्याची दोन सारखी खोकी घेऊन त्यांवर पत्र्याची झाकणे ठेवा. एका झाकणाला चुना, दुसऱ्याला काळा रंग लावा. आत तापमापी ठेवून खोकी तासभर उन्हात ठेवा आणि दर दहा मिनिटांनी नोंदी घेऊन आलेख काढा. मग तोच प्रश्न शाळेच्या छताबद्दल विचारा.

ज्या वर्गांत वातानुकूलन यंत्र येण्याची शक्यता नाही, असे वर्ग आपल्याकडे पुष्कळ आहेत. तेथे शिकणाऱ्या मुलांची दुपार सुसह्य करणे चुन्याच्या एका हातानेही सुरू होऊ शकते.