आकडा चुकला की ठोका?

डिसेंबरातली सकाळ. सिंहगडाचा घाट चढून गेलेला पन्नाशीचा सायकलस्वार आता उतारावर आहे. पाय थांबलेले, श्वास जागेवर येत असलेला. तेवढ्यात हँडलवरच्या छोट्या पडद्यावर हृदयाच्या ठोक्यांचा आकडा १३२ वरून थेट २२८ वर जातो. चढावर धाप लागली होती तेव्हाही तो १६० च्या पुढे गेला नव्हता. आता काय करायचे? घाबरून घरी फोन करायचा, की यंत्र बिघडले म्हणून तसेच पुढे जायचे?

छातीला पट्टा आणि हँडलला बिनतारी सायकल कॉम्प्युटर लावून फिरणाऱ्या बहुतेकांवर कधी ना कधी ही वेळ येते. अशा वेळी दोन प्रकारच्या चुका होतात. काही जण पट्ट्याच्या दोषाला हृदयाचा आजार समजून धास्तावतात, तर काही जण हृदयाने दिलेला खरा इशारा पट्ट्याच्या माथी मारून पॅडल मारत राहतात. पहिल्या चुकीत चार दिवसांची झोप उडते, दुसरीत जिवाला धोका असतो. हे यंत्र नेमके काय मोजते आणि कुठे फसते, हे माहीत असेल तर दोन्ही चुका टाळता येतात.

पट्टा काय ऐकतो?

हृदयाचा प्रत्येक ठोका पडण्याआधी त्याच्या स्नायूंमधून एक सूक्ष्म विद्युत लहर जाते. तिचा आलेख म्हणजेच ईसीजी. तो नोंदवण्याच्या कामासाठी नेदरलँड्सचे विलेम आइंथोव्हन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. छातीचा पट्टा हीच लहर पकडतो, पण फार मर्यादित प्रमाणात. ईसीजीच्या आलेखातले सर्वांत उंच टोक तो ओळखतो आणि अशा दोन टोकांमधले अंतर मोजतो. अंतर अर्धा सेकंद असेल तर मिनिटाला १२० ठोके. पडद्यावर दिसतो तो आकडा सहसा मागच्या काही ठोक्यांची सरासरी असते. म्हणजे ठोके किती पडले हे पट्टा सांगतो, ते कसे पडले हे सांगत नाही.

याची सुरुवात सायकलवर नव्हे, बर्फावर झाली. बर्फावर लांब अंतर घसरत जाणाऱ्या स्कीपटूंचे ठोके सराव चालू असतानाच मोजता यावेत, ही प्रशिक्षकांची गरज होती. खेळाडूने थांबून मनगटावर बोटे ठेवली, की तेवढ्या वेळात ठोके उतरू लागतात आणि खरा आकडा हाती येत नाही. फिनलंडमधील औलू विद्यापीठातले प्राध्यापक सेप्पो सायनायाकंगास यांनी यावर काम सुरू केले आणि १९७७ मध्ये ‘पोलर’ ही कंपनी स्थापन केली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला छातीच्या पट्ट्याकडून मनगटावरच्या घड्याळाकडे बिनतारी संदेश पाठवणारे यंत्र बाजारात आले. सायकलस्वारांनी ते लगेच उचलले, कारण छाती आणि हँडल यांतले अंतर जेमतेम हातभर असते आणि जुन्या पट्ट्यांचा पल्लाही साधारण मीटरभराचाच होता.

शेजाऱ्याचे हृदय, आपला पडदा

जुन्या पट्ट्यांचा संदेश पाच किलोहर्ट्झच्या आसपासच्या चुंबकीय लहरींवर जायचा आणि त्यावर कुणाची ओळख नसायची. त्यामुळे गप्पा मारत जोडीने सायकल चालवणाऱ्या दोघांपैकी एकाचे ठोके दुसऱ्याच्या पडद्यावर उमटत. विजेच्या मोठ्या तारा किंवा रेल्वेची विद्युत लाइन जवळ आली की आकडे भरकटत. चाकाचा वेग दाखवणाऱ्या स्वस्त बिनतारी कॉम्प्युटरजवळ एलईडी दिवा बसवला, तर रात्री उभ्या सायकलीचाही वेग दिसण्याचे प्रकार घडत. नंतर सांकेतिक संदेशाचे पट्टे आले. आता बहुतेक उपकरणे २.४ गिगाहर्ट्झवर, ‘अँट प्लस’ किंवा ‘ब्लूटूथ’ पद्धतीने बोलतात. प्रत्येक पट्ट्याला स्वतःचा क्रमांक असतो. त्यामुळे शेजाऱ्याचे ठोके आपल्याकडे येण्याची तक्रार जवळपास संपली आहे.

तिच्या जागी नवी आली आहे, ती म्हणजे पट्टा सापडतच नसल्याची. अनेक पट्टे ब्लूटूथवर एका वेळी एकाच उपकरणाशी जोडले जातात. खिशातल्या फोनने आधीच जोडणी करून ठेवली असेल, तर हँडलवरच्या कॉम्प्युटरला पट्टा दिसत नाही. फोनवरची जोडणी बंद केली की प्रश्न सुटतो. पट्टा आहे तिथेच असतो, पण नवा कोरा पट्टा बदलून आणण्यासाठी दुकानाच्या फेऱ्या मारणारे कमी नाहीत.

कोरडी कातडी, फडफडणारी जर्सी

राहिला प्रश्न भलत्या आकड्यांचा. त्यांचे सर्वांत मोठे कारण अगदी साधे आहे, ते म्हणजे कोरडेपणा. पट्ट्यातले दोन विद्युतवाहक तुकडे कातडीला ओलसर चिकटलेले असतील तरच लहर नीट पकडली जाते. घाम येईपर्यंतची पहिली पाच-दहा मिनिटे म्हणूनच बेभरवशाची असतात. त्यात हिवाळ्यातली कोरडी हवा आणि उतारावर वाऱ्याने फडफडणारी सिंथेटिक जर्सी यांची भर पडते. कापड कातडीवर घासून स्थिर विद्युत तयार होते, पट्टा त्या ठिणग्यांनाच ठोके समजतो आणि आकडा दोनशेच्या पार जातो. पावसाळ्यात पट्टा घरातून निघाल्यापासून ओला असतो, तेव्हा हीच तक्रार क्वचित ऐकू येते.

उपायही तितकेच साधे आहेत. निघण्यापूर्वी पट्ट्याची आतली बाजू पाण्याने ओली करावी किंवा ईसीजीसाठी वापरतात तो जेल लावावा. पट्टा छातीच्या स्नायूंखाली, श्वास अडणार नाही पण घसरणारही नाही इतका घट्ट असावा. महिलांनी स्पोर्ट्स ब्राची पट्टी त्यावर चढून तो उचलला जात नाही ना, हे पाहावे. घरी आल्यावर पट्टा धुवावा, कारण घामाचे क्षार साचले की तो लवकर निकामी होतो. ट्रान्समीटरची डबी काढून ठेवावी, कारण ओल्या पट्ट्यावर ती तशीच राहिली तर आपण अजून छातीवरच आहोत असे समजून जागी राहते आणि बटण सेल संपवते. सेल उतरत आला की आकडे अडखळतात, हेही पुष्कळांना पट्टा फेकून दिल्यावरच कळते.

मनगटी घड्याळाची गोष्ट निराळी आहे. ते विद्युत लहर पकडत नाही. हिरवा प्रकाश कातडीत सोडून रक्ताच्या प्रवाहाबरोबर बदलणारे परावर्तन ते मोजते. सायकलवर मनगट वाकलेले असते, मूठ आवळलेली असते, खड्ड्यांचे हादरे बसत असतात आणि थंडीत कातडीतला रक्तप्रवाहही कमी होतो. त्यामुळे घरी बसल्या बसल्या अचूक असणारे घड्याळ घाटात चुकू शकते. प्रकाशावर चालणारेच उपकरण दंडावर बांधले, तर ते सहसा अधिक स्थिर आकडे देते.

चूक नसलेले विचित्र आकडे

काही आकडे विचित्र वाटतात, पण खरे असतात. चढ सुरू होताच पाय भरून येतात, आकडा मात्र अर्धा-एक मिनिट मागे राहतो. तो यंत्राचा नव्हे, शरीराचा वेळ असतो. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये साडेतेरा तासांची मुदत असते. तिथे सकाळी ज्या वेगाला १३० ठोके पडत होते, त्याच वेगाला दुपारच्या उन्हात १४५ पडू लागतात. घामावाटे पाणी गेलेले असते, शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळलेले असते, प्रत्येक ठोक्यात कमी रक्त पुढे जाते आणि तूट भरून काढायला हृदय जास्त वेळा धडधडते. इथे पट्टा बरोबर सांगत असतो. उत्तर एकच, वेग कमी करायचा, सावली बघायची आणि पाणी व मीठ पोटात घालायचे.

दुसरा गोंधळ कमाल ठोक्यांच्या सूत्राचा. २२० मधून वय वजा करण्याचा हिशोब १९७० च्या दशकापासून चालत आला आहे आणि आजही कित्येक कॉम्प्युटरमध्ये तोच भरलेला असतो. २००१ मध्ये मांडलेले २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र उतारवयात अधिक जवळचे मानले जाते. साठीच्या माणसाला पहिले १६० सांगते, दुसरे १६६. पण दोन्ही सरासऱ्याच आहेत. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सामान्य आहे. त्यामुळे १६५ दिसले म्हणून साठीच्या माणसाने घाबरण्याचे कारण नाही, तसेच १५० दिसतात म्हणून अजून जोर लावायला वाव आहे असेही नाही.

रक्तदाबासाठी किंवा अँजिओप्लास्टीनंतर मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांना तर हे सूत्र लागूच पडत नाही. या गोळ्या ठोके मुद्दाम खाली ठेवतात. पडद्यावर ११० पाहून ‘आज काहीच मेहनत झाली नाही’ असे समजून जोर वाढवणे त्यांच्यासाठी धोक्याचे आहे. त्यांनी ट्रेडमिल चाचणी करून आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. पेसमेकर असलेल्यांनी पट्टा वापरण्याआधी विचारणे आवश्यक आहे.

हृदयच सांगत असते तेव्हा

आता खऱ्या इशाऱ्याकडे वळू. हृदयाच्या वरच्या भागात सुरू होणाऱ्या एका प्रकारच्या वेगवान ठोक्यांत आकडा खरोखरच क्षणात १८० किंवा २०० वर जातो आणि तसाच अचानक खाली येतो. हा त्रास तरुणांनाही होतो. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात ठोक्यांची लयच बिघडते आणि पडद्यावरचा आकडा विनाकारण वरखाली नाचतो. त्यात हृदयात रक्ताच्या गुठळ्या होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. व्यायाम करणाऱ्यांना हे होत नाही, असे समजू नये. स्वीडनमधील व्हासालोपेत या ९० किलोमीटरच्या स्की शर्यतीत भाग घेतलेल्या ५२,७५५ जणांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी अधिक शर्यती पूर्ण केल्या आणि ज्यांनी वेगाने केल्या, त्यांच्यात लय बिघडण्याचे प्रमाण जास्त आढळले. व्यायामाचे फायदे यामुळे पुसले जात नाहीत, पण वर्षानुवर्षे दमसासाचा सराव करणाऱ्याने असे ठोके हसण्यावारी नेऊ नयेत.

मग ओळखायचे कसे? सायकल बाजूला घेऊन थांबावे. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून नाडी अर्धा मिनिट मोजावी, दुप्पट करावी आणि त्याच क्षणी पडद्यावर काय आहे ते पाहावे. नाडी १२० आणि पडदा २२० सांगत असेल तर पट्टा ओला करून पुन्हा पाहावे. बहुतेक वेळा आकडा जागेवर येतो. पडदा नाडीच्या बरोबर निम्मा आकडा दाखवत असेल तर पट्टा ठोके गाळतो आहे. आकडा मिनिटभर जराही हलत नसेल तर संदेश तुटला आहे. पण नाडीही तितकीच धावत असेल, मोजता येणार नाही इतकी अनियमित असेल किंवा थांबून पाच-दहा मिनिटे झाली तरी खाली येत नसेल, तर दोष पट्ट्याचा नाही. त्या दिवसाची फेरी तिथेच संपवावी आणि डॉक्टरांना भेटावे. कॉम्प्युटरमधली नोंद पुसू नये. ती निदान करत नाही, पण त्रास किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला, तेव्हा चढ होता की सपाट रस्ता, हे डॉक्टरांना त्यातून कळते. पुढे ईसीजी किंवा चोवीस तासांची होल्टर तपासणी करायची का, हे ते ठरवतील.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट याच्या उलट आहे. आकडा अगदी योग्य असला म्हणून हृदय सुरक्षित आहे असे होत नाही. हृदयविकाराचा झटका रक्तवाहिनी अडल्याने येतो आणि त्या वेळी ठोके ९० सुद्धा असू शकतात. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात जाणारी कळ, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीच्या चढाला न शोभणारी धाप, यांपैकी काहीही जाणवले तर पडद्याकडे न बघता थांबावे, सोबत्यांना सांगावे आणि १०८ ला फोन करावा. ‘आकडा तर ठीक आहे’ म्हणत घर गाठण्याचा प्रयत्न करू नये.

सिंहगडाच्या उतारावरचा तो सायकलस्वार थांबतो. छातीत कळ नाही, चक्कर नाही. अर्ध्या मिनिटात नाडीचे ५७ ठोके, म्हणजे मिनिटाला ११४. बाटलीतले पाणी तो पट्ट्याखाली शिंपडतो, जर्सीची साखळी वर ओढतो. पडद्यावरचा आकडा २२८ वरून घसरत ११२ वर येऊन स्थिरावतो. आज पट्टाच चुकला होता. त्याला ते खात्रीने सांगता येते, कारण त्याने थांबून नाडी पाहिली. या तपासणीला मिनिटभर लागते आणि तिला सेलही लागत नाही.