शिकवावयास शिकतांना

पाठ सुरू व्हावयास पांच मिनिटें उरलेलीं असतात. शाळेच्या व्हरांड्यांत एक छात्राध्यापिका उभी असते. एका हातांत टाचणवही, काखेंत गुंडाळलेला तक्ता, आणि मुठींत खडू इतका घट्ट धरलेला कीं घामानें तो ओला झालेला. आंत चाळीस-पन्नास मुलें आणि शेवटच्या बांकावर निरीक्षक. श्रोतेहो, आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं एखादी बहीण, सून किंवा मुलगा बी. एड्. करीत असेल. लेखी परीक्षेपेक्षां ह्या पांच मिनिटांचीच धास्ती त्यांना अधिक वाटते, हें आपण पाहिलें असेल. ही धास्ती म्हणजे नुसता भित्रेपणा काय, ह्याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

वैद्यकीचा विद्यार्थी कॉलेजांत येतो तेव्हां त्यानें शस्त्रक्रिया बहुधा पाहिलेली नसते. शिक्षकाचें तसें नाहीं. बांकावर बसून त्यानें हजारों तास शिक्षक पाहिलेले असतात. डॅन लॉर्टी ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्याला निरीक्षणाची उमेदवारी म्हटलें आहे. परंतु ही उमेदवारी मोठी फसवी! बांकावरून दिसतो तो फळ्यापुढचा मनुष्य. आदल्या रात्रीं त्यानें काय वाचलें, कोणत्या मुलाच्या विचारानें त्याला झोंप आली नाहीं, वर्गांत पाऊल टाकतांना त्याच्या पोटांत गोळा आला कीं नाहीं, ह्यांतलें विद्यार्थ्याला कांहींच दिसत नाहीं. मग पुढें तोच विद्यार्थी शिक्षक व्हावयास निघतो, तेव्हां मनाशीं असा हिशेब मांडतो : खऱ्या शिक्षकाला भीति वाटत नाहीं; मला वाटते; तेव्हां मी शिक्षक नव्हे. हिशेब चुकीचा आहे, पण तो मांडणाऱ्याला तें कोणी सांगत नाहीं, कारण भीतीची गोष्ट तो कोणापाशीं काढीतच नाहीं.

फ्रान्सेस फुलर ह्या संशोधिकेनें १९६९ सालीं नवशिक्या शिक्षकांच्या काळज्यांचा एक क्रम मांडला. आरंभींची काळजी स्वतःची : मी निभावेन ना, मुलें मला मानतील ना? मुलांना विषय कळला काय, त्यांचें भलें होत आहे काय, ही काळजी मागाहून येते. हा क्रम शिडीच्या पायऱ्यांसारखा नेमका नसतो, हें माझ्याहि पाहण्यांत आहे. वीस वर्षें शिकविलेला माणूसहि नव्या वर्गांत पहिल्या पायरीवर येऊन उभा राहतो. तरीहि एक गोष्ट त्यावरून कळते. आपलीच चिंता करणारा छात्राध्यापक स्वार्थी नसतो. त्याचें स्वतःचें आसन अजून स्थिर झालेलें नसतें, इतकेंच.

गिजुभाई बधेका ह्यांना हें पक्कें ठाऊक होतें. आपल्या ताराबाई मोडक ज्यांच्यासमवेत भावनगरास काम करीत होत्या तेच हे गिजुभाई. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ ह्या कल्पित कथेंतला शिक्षक चौथीचा वर्ग मागून घेतो, पहिल्या दिवसाची कडेकोट तयारी करून जातो, आणि मुलांना शांततेचा खेळ खेळावयास लावतो. शांतता कुठली! वर्गांत एकच गोंधळ माजतो. शेवटीं तो मुलांना सुट्टी देऊन टाकतो आणि मुख्याध्यापकांचा रोष ओढवून घेतो. नव्या शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या पुस्तकाचा आरंभ असा फजितीनें व्हावा, ह्यांत लेखकाचा मोठा प्रामाणिकपणा आहे. दुसऱ्या दिवशीं तो शिक्षक गोष्ट सांगावयास बसतो आणि तेथून वर्ग त्याचा होऊं लागतो.

आतां भावना आवरण्याविषयीं. आर्ली हॉक्शिल्ड ह्या विदुषीनें १९८३ सालीं विमानांतील सेविकांच्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हंसूं येत नसतां हंसणें हाहि वेतनाच्या मोबदल्यांत करावयाचा एक श्रम आहे, असें तिनें दाखविलें. त्यांत तिनें दोन प्रकार सांगितले : एक, चेहऱ्यापुरता अभिनय; दुसरा, मनालाच समजावून ती भावना आंतून जागविणें. शिक्षकाला दोन्ही करावे लागतात. राग दाखवावा, पण राग येऊं देऊं नये, असा उपदेश आम्ही अध्यापक सर्रास करतों. तो कसा पाळावा तें मात्र सांगत नाहीं. २०१४ च्या नियमांनीं बी. एड्. दोन वर्षांचें झालें आणि त्यांत शाळेंत घालवावयाचे वीस आठवडे आले, हें चांगलेंच झालें. सूक्ष्म अध्यापनांत सहाध्यायीच मुलें होऊन बसतात. अशीं मुलें कधीं रडत नाहींत.

खरीं मुलें रडतात. एका छात्राध्यापिकेचा मराठीचा पाठ मी पाहात होतों. कविता आईवरची होती. प्रश्नोत्तरें चाललीं असतां तिसऱ्या बांकावरचा एक मुलगा हुंदके देऊं लागला. त्याची आई दोन महिन्यांपूर्वीं वारली होती, हें मागाहून कळलें. तिनें खडू ठेवला, त्याच्याजवळ जाऊन बसली आणि बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. वर्ग चिडीचूप होता. घंटा झाली. फलकलेखन अपुरें, मूल्यमापनाचे प्रश्न राहिलेले, स्वाध्याय दिलेला नाहीं. ‘वेळेचें नियोजन साधलें नाहीं,’ असा शेरा मीं वहींत लिहिला.

संध्याकाळीं ती वही घेऊन आली. तक्रारीचा सूर नव्हता. म्हणाली, “सर, शेरा बरोबर आहे. पण मीं काय करावयास हवें होतें, तें सांगाल का? मला पाठ पुढें नेतां आला असता. तेव्हां वाटलें, पुढें नेला तर मी शिक्षिका होणार नाहीं. आतां वाटतें, नेला नाहीं म्हणूनच होणार नाहीं.”

उद्दिष्टें, अध्ययन-अनुभव, मूल्यमापन, सारे रकाने मीं पुन्हा चाळले. तिच्या प्रश्नाला त्यांत जागा नव्हती आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतें. शेरा मीं खोडला नाहीं. वेळ खरोखरच चुकली होती. त्याच्या खालीं तिचा प्रश्न, तिच्याच शब्दांत, लिहून खालीं सही केली, आणि पुढच्या आठवड्यांत तिच्या अनुमतीनें तें पान सगळ्या वर्गापुढें वाचलें. त्या दिवशीं तास संपून गेला तरी कोणी उठलें नाहीं. एकामागून एक जण आपापल्या पहिल्या पाठाची हकीकत सांगूं लागला, आणि शेवटीं त्यांनीं माझीहि विचारली.