फ्लॅटचे घर करताना

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. लग्न आपण अजूनही करून पाहतो. पण शहरातल्या नोकरदार माणसाने घर बांधून पाहण्याचे दिवस केव्हाच सरले. पुण्यात काय, ठाण्यात काय किंवा नाशकात काय, घर बांधतो तो बिल्डर. आपण हप्ते भरतो आणि एके दिवशी किल्ली आपल्या हाती पडते.

दार उघडून आत गेले की काय दिसते? दोन बाय दोन फुटांची चकचकीत, पांढुरकी फरशी. तशाच पांढुरक्या भिंती. स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा. छताच्या मधोमध पंख्याचा हूक आणि खिडकीला ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा. शेजारच्या फ्लॅटमध्ये डोकावलात तर तेच, आणि वरच्या मजल्यावर गेलात तरी तेच. यात बिल्डरला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला शंभर बिऱ्हाडांना घरे विकायची असतात, म्हणून तो सरासरी कुटुंब डोळ्यांसमोर धरतो. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. सरासरीशी माझा रोजचा संबंध येतो, आणि म्हणूनच खात्रीने सांगतो की सरासरी कुटुंब नावाचे कुटुंब कोठेच राहत नसते. राहतात ती तुमच्याआमच्यासारखी माणसे. कुणाच्या घरी गुडघे दुखणारी आजी असते, कुणाच्या घरी बारावीची मुलगी, तर कुणी रात्रपाळी करून सकाळी झोपणारा. तेव्हा फ्लॅट सजवायचा म्हणजे या सरासरीच्या चौकटीत आपली खरीखुरी माणसे बसवायची.

प्रत्यक्षात होते काय? गृहकर्जाची शाई वाळलेली नसताना सजावटीसाठी दुसरे कर्ज निघते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने ४२० चौरस फूट चटईक्षेत्राच्या घरात असेच काम करून घेतले. हॉलमध्ये आठ फुटी टीव्हीचे कपाट, काचेचे शोकेस, छताखाली प्लास्टरचे दुसरे छत आणि त्यात बारा दिवे. पाहुणे येत, वाहवा करीत. परंतु आजीचा पलंग त्याच हॉलमध्ये. ते बारा दिवे थेट तिच्या डोळ्यांवर येत. मुलगी पलंगावर मांडी घालून, पाठीत वाकून अभ्यास करी, कारण टेबलाला जागाच उरली नव्हती. घरातल्या पाचही माणसांना स्वतःची अशी हक्काची जागा नव्हती. ती होती फक्त महिन्यातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांना! आणि हप्ता मात्र दरमहा घरच्यांनीच भरायचा. तेव्हा घर मांडताना पहिला प्रश्न हा विचारावा, की हे आपण कुणासाठी मांडतो आहोत?

आता कुणी म्हणेल, “आम्हांला आधुनिक घर हवे आहे, मोकळे आणि स्वच्छ.” अवश्य हवे. पण ‘आधुनिक’ म्हणून जी शैली आपण पाहतो, तिचा उगम श्रीमंतांच्या हौसेत नाही, हे ध्यानात घ्यायला हवे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची विलक्षण टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहराने कामगारांसाठी आणि मध्यमवर्गीयांसाठी हजारो लहान घरे बांधावयास घेतली. त्या घरांसाठी १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या तरुण स्त्री-वास्तुशिल्पकाराने एक स्वयंपाकघर आखले. खोली जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. त्यासाठी स्वयंपाकघरात बाईला किती पावले चालावी लागतात, कोणत्या वस्तूसाठी हात कुठवर न्यावा लागतो, याची मोजमापे विचारात घेतली होती. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तयार झाली. आजच्या ‘मॉड्युलर किचन’ची ही आजीच म्हणावयाची.

म्हणून ते स्वयंपाकघर जसेच्या तसे उचलायचे काय? नाही. ते एकट्या बाईने उभ्याने काम करण्यासाठी होते. आपल्याकडे एकजण पोळ्या लाटते, दुसरी तिथेच बसून भाजी निवडते आणि मुलगा पाण्याची बाटली भरायला मधेच घुसतो. उचलायची ती त्या बाईंची रीत: आधी माणूस पाहायचा, मोजायचा आणि मग लाकूड कापायचे. ओट्याचेच पाहा. स्वयंपाक करणाऱ्याने हात कोपरात दुमडून उभे राहावे. कोपराच्या चारपाच इंच खाली ओटा असला तर खांदे आखडत नाहीत. घरातली माणसे बुटकी असोत वा उंच, बिल्डरचा ओटा सगळ्यांना एकाच उंचीचा!

तेव्हा क्रमाने जाऊ. ताबा मिळाला की पहिले काम म्हणजे काही न करणे. शक्य असेल तर भिंतीला चिकटून होणारे महागाचे लाकूडकाम एका पावसाळ्यानंतर करावे. नव्या इमारतीच्या गिलाव्यात ओल असते. बाहेरच्या भिंतीतून किंवा वरच्या न्हाणीघरातून पाणी झिरपते का, ते जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कळते. आधी कपाट बसवले तर ओल त्याच्या पाठीमागे लपते, आणि दिसते तेव्हा कपाट फुगलेले असते. यात कायदाही आपल्या बाजूचा आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार, म्हणजे ज्याला आपण ‘रेरा’ म्हणतो त्यानुसार, ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष आढळला आणि तो बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यावयाचा असतो. मात्र आपणच फरशी उखडली, न्हाणीघर फोडले, तर दोष कुणाचा यावर वाद सुरू होतो.

फोडाफोडीची दुसरीही मर्यादा आहे. अमेरिकेत अशा घराला ‘कॉन्डोमिनियम’ म्हणतात: घर तुमचे, पण इमारतीचा सांगाडा, जिने नि जमीन सर्वांची सामाईक. आपल्याकडे १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याने हीच पद्धत आणली. बाकी बहुतेक इमारतींत सहकारी गृहनिर्माण संस्था असते. पद्धत कोणतीही असो, खांब आणि तुळया एकट्याच्या नव्हेत. त्यांना छिन्नी लावणे म्हणजे खालच्या-वरच्या सगळ्यांच्या जिवाशी खेळणे होय.

दुसरी गोष्ट उजेडाची. घराचे रूप सर्वांत स्वस्तात कशाने पालटत असेल तर दिव्याने. दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा उजेड, ऑफिसातल्यासारखा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, जुन्या बल्बसारखा. बसण्या-झोपण्याच्या खोलीत पिवळसर उजेड घ्यावा. अभ्यासाला आणि ओट्याला ४००० च्या आसपासचा. पण त्याहून महत्त्वाचे आहे दिवा कोठे लावायचा ते. ओट्यापाशी उभे राहिले आणि दिवा पाठीमागे छताला असला, तर आपलीच सावली विळीवर पडते. वरच्या कपाटाच्या तळाशी एक पट्टीदिवा लावला की काम भागते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा. आजीच्या उशाशी तिला हात लांबवून बंद करता येईल असा एक छोटा दिवा, आणि मोरीकडे जाण्याच्या वाटेवर रात्रभर मंद जळणारा दुसरा. या दोन दिव्यांची किंमत किती? पण त्याने म्हातारे माणूस पडण्याचा धोका कमी होतो. आणि प्लास्टरच्या छताचे म्हणाल, तर आपल्या खोल्यांची उंची नऊ-साडेनऊ फूट. त्यातली पाचसहा इंच या छताने खाल्ली की पंखा डोक्याशी येतो. शिवाय त्याच्या पात्यांवर दिवे आले तर खोलीभर सावल्या फडफडत राहतात.

तिसरी गोष्ट सामान ठेवण्याची. जुन्या वाड्यांत कपाटे फारशी दिसत नसत, कारण ती भिंतीतच असत. दीड-दोन फूट जाडीची भिंत; तिच्यात फडताळे, कोनाडे, देवळ्या आणि बाहेर डोकावणाऱ्या खुंट्या. आजच्या आतल्या भिंतीची जाडी चार ते सहा इंच. तिच्या पोटात काही मावत नाही, म्हणून कपाट खोलीत येऊन बसते. आता थोडे गणित करू. दहा फूट लांबीच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट केले तर वीस चौरस फूट जमीन गेली. दर चौरस फुटाला दहा हजार रुपये धरा. म्हणजे दोन लाखांच्या जमिनीवर आपण कपाट उभे केले. टांगत्या कपड्यांना ही खोली लागतेच. पण पुस्तकांना दहा इंच पुरतात आणि डब्यांना बारा. तेव्हा सामानाच्या मापाने कपाटाची खोली ठरवा, सुताराच्या सवयीने नको. कपाट उथळ असले की मागचे डबे विसरलेही जात नाहीत. प्लायवुड घेताना त्यावरचा मानक क्रमांक वाचावा: साध्या कोरड्या जागेला आय.एस. ३०३ चालते, सिंकखाली मात्र आय.एस. ७१० चे घ्यावे.

घर स्वच्छ दिसते ते काही कमी वस्तू असल्यामुळे नव्हे. आपल्या घरी पापडाचा डबा, पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीचे मखर हे असायचेच. स्वच्छ दिसते ते प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा असल्यामुळे. रोज लागणारी वस्तू गुडघ्यापासून खांद्यापर्यंत, महिन्याने लागणारी खाली किंवा वर, आणि वर्षाने लागणारी माळ्यावर, एवढा नियम पुष्कळ झाला.

चौथी गोष्ट रंगाची आणि फरशीची. पांढुरकी फरशी आवडली नाही म्हणून उखडू नये. तिच्यावर इचलकरंजीची किंवा सोलापूरची एखादी जाड सतरंजी घातली की खोलीचा थंडपणा जातो आणि आवाज घुमणेही कमी होते. रंग पत्रिकेवर पाहून ठरवू नये. भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवून घ्यावा आणि तो सकाळी, दुपारी व रात्री दिव्याखाली पाहावा. एकच रंग तीन वेळा तीन तऱ्हांनी दिसतो, हे पाहून रंगाऱ्यालाही गंमत वाटेल.

आता शेवटची गोष्ट, घर ‘आपले’ दिसण्याची. बाजारात वारली चित्रांचे पडदे मिळतात, उशांचे अभ्रे मिळतात, पेलेही मिळतात. नक्षी सुंदरच आहे. पण हे चित्र मूळचे कोठले? पालघर-डहाणूकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी बायका गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ते काढीत. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या भिंतीवरचे चित्र त्या घरातल्या लग्नाचे होते, म्हणून ते त्या घराचे होते. आपण घ्यायचे ते हे तत्त्व. आपल्या घरात काय घडले, याची खूण भिंतीवर असावी. आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, वडिलांची रंधा-करवत, आईचे पितळेचे पाणी तापवायचे घंगाळ, धाकट्याने काढलेले पहिले चित्र. यांतले एक काढावे, नीट लावावे आणि त्याच्या आजूबाजूला जागा मोकळी सोडावी. चित्र साधारण उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगतात. पण खाली बैठक असेल तर तेही खाली आणावे, कारण पाहणारा बसलेला आहे.

मघाशी सांगितलेल्या कुटुंबाने पुढे टीव्हीचे ते कपाट काढून टाकले. टीव्ही भिंतीला टांगला आणि खिडकीपाशी दीड फूट रुंदीची फळी भिंतीत पक्की केली. खर्च आला तो त्या शोकेसच्या काचेपेक्षा कमी. मुलगी आता तिथे बसून अभ्यास करते, आणि दुपारी ती कॉलेजात गेली की तिच्या खुर्चीवर बसून आजी वर्तमानपत्र वाचते.

तेव्हा ज्यांना नवा फ्लॅट मिळणार आहे त्यांनी सजावटकाराला बोलावण्यापूर्वी एक संध्याकाळ काढावी. घरातल्या प्रत्येकाला, अगदी लहान मुलालाही, एकेक कागद द्यावा आणि दोनच ओळी लिहावयास सांगाव्यात: मी दिवसातला जास्त वेळ काय करतो, आणि ते करायला मला कुठे बसायला आवडेल. त्या कागदांवरून एका जागेवर दोघांचा दावा निघेल, भांडणही होईल. ते भांडण सुतार येण्यापूर्वी झालेले बरे; त्यानंतरचे फार महाग पडते.