नाव मोठे, पण तारण किती?

येडगाव धरणाजवळच्या नारायणगावात शामराव चौगुले यांनी 1980च्या दशकात 'शातो इंडाज' ही वायनरी उभी केली. फ्रेंच तंत्राने बनलेली तिची फेसाळ वाइन 'ओमर खय्याम' या नावाने परदेशातही विकली गेली. पुढे कंपनीने कर्ज काढून परदेशी वायनरी विकत घेतल्या. 2008च्या मंदीत देणी थकली आणि अखेर कंपनी अवसायनात गेली. नाव गाजलेले होते, तरी त्याने कंपनीला तारले नाही. ब्रँड आणि कर्ज यांच्या नात्याविषयी काही समज त्यामुळेच तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : गाजलेला ब्रँड ताळेबंदात दिसतोच.
वस्तुस्थिती : विकत घेतलेला दिसतो, स्वतः घडवलेला नाही. 2020 मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने 'हॉर्लिक्स' हे नाव 3,045 कोटींना घेतले आणि ते मालमत्तेत धरले गेले. याच कंपनीने वाढवलेल्या 'व्हील'च्या जाहिरातींचा पैसा मात्र त्या त्या वर्षीच्या खर्चात गेला. भारतीय लेखा मानक 38चा नियमच तसा आहे.

गैरसमज : अमूर्त मालमत्ता तारण ठेवता येत नाही.
वस्तुस्थिती : येते. बँकांच्या कर्जवसुलीसाठीच्या 2002च्या सरफेसी कायद्यात पेटंट, ट्रेडमार्क आणि कॉपीराइटचाही समावेश आहे. भौगोलिक मानांकन हा अपवाद. पुरंदरच्या अंजिराचे मानांकन कुणालाच गहाण टाकता येणार नाही. 1999च्या कायद्याचे कलम 24 त्याला मनाई करते.

गैरसमज : ब्रँडचे जेवढे मूल्यांकन, तेवढी वसुली.
वस्तुस्थिती : 'किंगफिशर एअरलाइन्स'च्या नावाचे मूल्यांकन एकेकाळी चार हजार कोटींच्या पुढे गेले होते. विमाने 2012 मध्ये थांबली. एप्रिल 2016 मध्ये बँकांनी ट्रेडमार्कचा लिलाव 366.70 कोटींच्या राखीव किमतीने पुकारला, तेव्हा एकही बोली आली नाही. धंदा बसला की त्याच्यासोबत नावाची किंमतही बसते. साखरेची पोती मात्र कारखाना अडचणीत आला तरी बाजारात विकली जातात, म्हणून बँका साखरेच्या मालतारणावर कर्ज देतात.

गैरसमज : कर्ज न घेणारी कंपनी भित्री असते.
वस्तुस्थिती : व्याजावर करसवलत मिळते, त्यामुळे कर्ज स्वस्त वाटते. पण 1981 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसची खरी मालमत्ता म्हणजे तिची माणसे. ती राजीनामा देऊ शकतात, त्यांना तारण ठेवता येत नाही. अशी कंपनी स्वतःच्या भांडवलावर चालणे हे हिशेबाला धरूनच आहे.

जुन्नर तालुक्यातील एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला टोमॅटो सॉस स्वतःच्या नावाने विकायचा असेल, तर यंत्रे आणि शीतगृहासाठी मुदत कर्ज आणि नाव रुजवण्याच्या खर्चासाठी सभासदांचे भागभांडवल वापरणे योग्य. ते नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवावे; ही नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि नूतनीकरण करून पुढे चालू ठेवता येते.