थंडीतील मंद ज्योत

पौषातील पहाटे ग्वाल्हेरच्या घरांतून गॅस शिल्लक असूनही शेगडी मिणमिणू लागते. आपण शेगडीस दोष देतो. कारण असते सिलिंडरात. त्यात प्रोपेन व ब्युटेन द्रवरूपाने असतात. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसलाच उकळू लागतो, ब्युटेन मात्र शून्याच्या आसपास. प्रोपेन आधी अधिक सरतो. म्हणून सिलिंडर संपत आला की थंडीत दाब घटतो. मग कोणी सिलिंडर आडवा करतो, कोणी उकळते पाणी ओततो, कोणी निखारे जवळ ठेवतो. हे सर्व जिवावरचे खेळ आहेत. रात्री उघड्यावर राहिलेला सिलिंडर हवेशीर स्वयंपाकघरात उभाच ठेवावा, एकच बर्नर लावावा आणि ऊन वर येईपर्यंत धीर धरावा. चहा उशिरा झाला तरी चालेल. घर सुरक्षित राहिले पाहिजे, एवढेच आमचे गृहिणींना सांगणे.