सातबाऱ्यावरची सही आणि संगणकाचे अपडेट

खरीप पीकविम्याची मुदत संपत आली की परभणी असो, जिंतूर असो की पाथरी, सेवा केंद्रापुढे रांग लागते. नेमकी तेव्हाच पडद्यावर अपडेटची चौकट उगवली, तर केंद्रचालक 'नंतर' हेच बटण दाबणार. लाइटचा भरवसा नाही, नेट मोबाइलचे. त्याचे काय चुकले? गोची एवढीच की ते 'नंतर' महिनोन्महिने लांबते.

१२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेला वॉनाक्राय हा व्हायरस विंडोजच्या ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारे अपडेट १४ मार्चलाच आले होते. जूनच्या अखेरीस नॉटपेट्या आला आणि न्हावा शेव्यात, जेएनपीटीमधल्या एपीएम टर्मिनल्सचे कामकाज ठप्प झाले. गंमत म्हणजे हा व्हायरस सुरुवातीला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटवर बसूनच आला होता!

मग अपडेटवर विश्वास ठेवायचा कसा? पंधरा रुपयांत मिळणाऱ्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर ठेवतो तसा; दोन्हींमागचे गणित एकाच जातीचे. विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या डेबियन लिनक्समध्ये, आणि त्यावर बेतलेल्या आपल्या सी-डॅकच्या 'बॉस'मध्येही, प्रत्येक पॅकेजचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याचा, एक ठसा काढलेला असतो. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. हे ठसे एका यादीत असतात आणि यादीच्या मुळाशी डिजिटल सही असते. 'ॲप्ट अपडेट' ही आज्ञा फक्त ती यादी ताजी करते; नवी पॅकेजेस बसतात ती 'ॲप्ट अपग्रेड'ने. पहिलीवरच थांबून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत.

अर्थात सही पाठवणारा कोण ते सांगते, त्याची नियत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या पॅकेजमध्ये त्याच्याच एका देखभालकर्त्याने घुसवलेली चोरवाट उघडकीस आली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता खोदत गेला आणि ती सापडली. डेबियनच्या चाचणी शाखांत ते पॅकेज पोचले होते, स्थिर आवृत्तीत नाही. म्हणून कामाच्या संगणकावर स्थिर आवृत्तीच बरी.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या संगणकावर लिनक्स घालता येते. मात्र सहीचा डोंगल आणि अंगठ्याचे यंत्र त्यावर चालते का, हे आधी तपासा, आणि तेही विम्याच्या गर्दीत नको.